नेरचा तारामासा

१९६२च्या उन्हाळ्यात नेरच्या हुस्नाबीनं मुंबईहून समुद्राच्या पाण्यासकट मागवलेला तारामासा काचेच्या टाकीत ठेवला. तो पोळ्यापर्यंत मरेल, असं शेजारच्या घनश्याम मास्तरांनी जाहीर केलं. टाकीतलं पाणी बोटभर आटताच ते मूठभर मीठ घेऊन हजर झाले.

"हात मागं घ्या, मास्तर. पाणी उडते, मीठ नाही उडत. आटलं तेवढं गोडंच पाणी टाकावं लागते."

"समुद्र पाह्यला काय कधी?"

"नाही. तुम्ही?"

मास्तर मूठ झाकून घरी गेले.

पोळ्याच्या दिवशी बैल मास्तरांच्या दारी आले. त्यांच्यामागून हातगाडीवर टाकी आली. तारामासा काचेला घट्ट चिकटून होता.

"दारी आलेल्या जनावराले खाऊ घालता ना, मास्तर?" हुस्नाबी म्हणाली. "याले शिंपल्याचं मांस लागते."