वापर दिसत नाही

मावशीने आयुष्यात एकच मोठी चूक केली, आणि तीही फिनेल लावून, फरशी लख्ख घासून, चादरीवर एक सुरकुती न ठेवता केली.

सव्वीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात आया होती. तिथे आयांना सगळेच मावशी म्हणतात, तसं हिलाही म्हणत. निवृत्त झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. पुढे वस्तीतल्या चार भल्या माणसांनी एका बंद गोदामात बेघरांसाठी निवारा काढला आणि सांभाळायला मावशीला आणून बसवलं. तिने काय करावं? सरळ त्याचा वॉर्ड करून टाकला! अठ्ठावीस लोखंडी खाटा, प्रत्येकीच्या पायथ्याशी पत्र्याचा नंबर, आणि माणसाला हाक मारायची ती नंबरानेच. "ए सात नंबर, पाय पुसून ये!" "एकवीस नंबर, केस नीट विंचर गं, कामावर चाललीस ना?" याचा कुणाला राग येत नसे. नाव विचारून हाकलून देणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

निवाऱ्याचा नियमही मावशीचाच. खाटेचा नंबर दाराच्या आत. कोण कुठे झोपतं हे बाहेर कुणी कुणाचं सांगायचं नाही, आणि कोण कुठे कामाला जातं हे आत कुणी विचारायचं नाही. त्याला कारणही तसंच होतं. तेरा नंबर कापडाच्या दुकानात छान नोकरीला होती. ती निवाऱ्यात राहते हे मालकाला कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तिला घरी पाठवलं. आता घरी म्हणजे कुठे, ते त्यालाच ठाऊक!

अशात गोदाम विकायला निघालं. महिनाअखेरपर्यंतची मुदत होती. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांना सरकार अनुदान देणार होतं. ते मिळालं तर गोदाम निवाऱ्याचं होणार, नाही मिळालं तर अठ्ठावीस माणसं पुन्हा पुलाखाली. अर्ज गेला. उत्तर आलं: मंगळवारी सकाळी अकरा वाजता तपासणी.

तपासणी! तो शब्द कानावर पडला आणि मावशीतली आया खडबडून उठली. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांचा राऊंड असला की काय व्हायचं? गाठोडी, चपला, डबे, वाळत घातलेले टॉवेल, सगळं दृष्टीआड. वॉर्डात माणूस आहे की नाही अशी शंका यावी, तेव्हा कुठे मोठे डॉक्टर खूश व्हायचे. मावशीने तेच केलं. पहाटेपासून सगळ्यांना कामाला जुंपलं. अठ्ठावीस गाठोडी मागच्या खोलीत कोंबली, वर कुलूप घातलं. सात वाजता माणसं नेहमीसारखी कामावर गेली, आणि मावशी चादरी ताणत बसली.

तपासनीस आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात फायलीचा पुठ्ठा. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. खाटांखाली वाकून पाहिलं. कुठे कंगवा नाही, कुठे चप्पल नाही.

"इथे माणसं आहेत कुठे?" त्याने विचारलं.

आणि आमची मावशी छाती फुगवून काय म्हणाली? "एक माणूस दिसणार नाही, साहेब! माझी शिस्तच तशी आहे!"

कपाळ माझं! साहेबाने मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि गेला. मावशीने आनंदाने स्वतःसाठी चहा टाकला.

चार दिवसांनी अहवालाची प्रत आली. खाली एकच ओळ ठळक टाइप केलेली: 'खाटा आहेत, वापर दिसत नाही. अनुदान देऊ नये.' सुनावणी गुरुवारी. मावशीने ती ओळ तीनदा वाचली. आपल्याच हाताने आपण सगळ्यांना पुसून टाकलं, हे तिला आत्ता कळलं. त्या संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर कबूल केलं, "चुकले रे बाबांनो, माझंच चुकलं." एकवीस नंबर तर जेवलीच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

गुरुवारी मावशी धुतलेलं लुगडं नेसून, निवाऱ्याचं हजेरीबुक काखोटीला मारून कार्यालयात गेली. दाराशी पोचली आणि थबकलीच. गणवेश घालून उभा असलेला पहारेकरी म्हणजे चार नंबर! त्याने तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तिनेही केलं. नियम म्हणजे नियम.

आत लांबलचक टेबल. मधोमध अध्यक्षबाई, बाजूला तो तपासनीस, आणि कोपऱ्यात कामकाज टाइप करायला बसलेली, मान खाली घातलेली... एकवीस नंबर. म्हणजे ती ओळ हिनेच टाइप केली होती! स्वतःच्याच खाटेवर कुणी झोपत नाही, असं स्वतःच्या हाताने.

मावशीने हजेरीबुक पुढे सरकवलं.

"नावं काय, कुणीही लिहून आणेल," तपासनीस म्हणाला.

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या, पण कागदापुढे त्यांचाही इलाज नव्हता. "मावशी, एक तरी माणूस दाखवा. कोण राहतं तिथे? एक नाव सांगा, मी लगेच बोलावते."

एक नाव! तीन पावलांवर एक बसली होती, दाराबाहेर एक उभा होता. मावशीच्या अगदी ओठांवर आलं. पण नाव घेतलं, आणि उद्या यांची तेरा नंबरसारखी गत झाली तर? तिने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी आलं ते पदराने पुसलं.

"नाही सांगता यायचं, बाई. मी शब्द दिलाय."

"मग माझाही नाइलाज आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उचललं.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या बाईने ट्रे टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच.

"मी राहते. अकरा नंबर."

सगळ्यांच्या माना वळल्या. दारातून आवाज आला, "चार नंबर, मॅडम." पहारेकरी ताठ उभा होता. खिडकीबाहेर परांचीवर भिंत रंगवणाऱ्याने ब्रशसकट डोकं आत घातलं. "एकोणीस! खिडकीजवळची खाट, मावशीला विचारा!"

आणि मग कोपऱ्यातली टकटक थांबली. टाइप करणारी पोरगी उभी राहिली. "एकवीस नंबर," ती म्हणाली. "हा अहवाल मीच टाइप केला, मॅडम. खोटा आहे हे माहीत असून केला. भीती वाटली होती. आता नाही वाटत."

अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे वळून शांतपणे विचारलं, "तपासणी कधी केलीत?"

"कार्यालयीन वेळेत, मॅडम."

"कार्यालयीन वेळेत ही माणसं आपल्याच कार्यालयात राबतात. मग ती खाटेवर कशी सापडणार तुम्हाला?" मग त्यांनी चौघांकडे पाहिलं. "पत्त्यावरून इथे कुणाचीही नोकरी जाणार नाही. हे टाइप करून घ्या. आणि त्याखाली लिहा: अनुदान मंजूर."

एकवीस नंबर खाली बसली. असा टाइपचा कडकडाट त्या कार्यालयात कुणी कधी ऐकला नसेल. परांचीवर एकोणीस नंबर शिट्ट्या मारत होता, अकरा नंबर मावशीच्या गळ्यात पडून रडत होती, आणि मावशी एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने तिनेच आणलेला, गार होत चाललेला चहा पीत होती.

महिनाअखेरीला गोदामाच्या चाव्या आल्या. पक्क्या, कायमच्या. मागोमाग तपासनीसही आला. मंजुरीनंतरची पाहणी होती, आणि या खेपेला वेळ संध्याकाळी सातची लिहिली होती. मावशीने सकाळीच बजावून ठेवलं होतं, "कुणी काहीही आवरायचं नाही. खबरदार!"

तो दारातून आत आला तो गाठोड्याला अडखळला. दोरीवरचा ओला सदरा त्याच्या तोंडावर आला. सात नंबर पाय न पुसता समोरून गेला, तेरा नंबर कुणाशी तरी साबणावरून भांडत होती. पाय कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून साहेब एका पायावर उभे राहिले.

मावशी खाटेवर ऐसपैस बसून भाजी निवडत होती. ती उठलीसुद्धा नाही.

"जरा जपून, साहेब," ती म्हणाली, "इथे माणसं राहतात."