आजोबांची अट

कप्तानाची मिशी धोक्यात होती, आणि हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

कप्तान म्हणजे लाँड्रीवाला. जहाजाशी त्याचा संबंध शून्य, पण गल्लीच्या रस्सीखेच संघाचा तो कप्तान, म्हणून बायको सोडून सगळे त्याला कप्तानच म्हणत. सलग सात वर्षं मागच्या गल्लीने त्याच्या संघाला खडूच्या रेघेपलीकडे ओढत नेलं होतं, बाजाराला निघालेल्या बैलांसारखं. सातव्या वेळी त्याचं डोकं फिरलं आणि तो चारचौघांत बोलून बसला, की आठव्यांदा हरलो तर चौकात खुर्ची टाकून मिशी उतरवीन. मागच्या गल्लीच्या कप्तानाने, म्हणजे बेकरीवाल्याने, दुसऱ्याच दिवशी वस्तरा भेट पाठवला. वर लाल रिबीन बांधून.

मिशी काही साधीसुधी नव्हती. लाँड्रीच्या वाफेत ती दिवसभर मलूल व्हायची, आणि संध्याकाळी तो तिला कॉलरची खळ लावून पुन्हा ताठ उभी करायचा.

अशातच गल्लीच्या टोकाच्या बंद शाळेत निर्वासित आले. सीमेपलीकडे लढाई पेटली होती, घरं गेली होती, अशी पाच कुटुंबं. कप्तानाने स्वतः वीस पांघरुणं धुऊन, घड्या घालून नेऊन दिली. मनाचा तो वाईट नव्हताच. पण गल्लीच्या बैठकीत कुणीतरी सहज विचारलं, की ही मंडळी आता इथे राहतात तर संघातही येतील ना, तेव्हा त्याची इस्त्री एकदम तापली. पाहुण्यांचं सगळं करू, तो म्हणाला, पण दोर धरायचा तर रक्तात गल्ली लागते. रक्तात गल्ली कशी शिरते हे कुणी विचारलं नाही, कारण वाक्य ऐकायला फार झकास होतं. त्या भरात त्याने नियमच करून टाकला: ज्याचे आजोबाही याच गल्लीत जन्मले, तोच संघात. सगळ्यांनी हात वर केले. एक प्रत पोस्टमनबाईंकडे गेली, कारण पंच त्याच. त्यांनी तिच्यावर शिक्काही मारला. समोर आलेल्या कुठल्याही कागदावर त्या शिक्का मारायच्याच.

अडचण एकच होती. शाळेतली एक बाई लाँड्रीत कामाला लागली होती. ओल्या चादरींचं जे गाठोडं कप्तान आणि त्याची बायको तीनदा ‘हं’ म्हणून उचलायचे, ते ती एका खांद्यावर टाकायची आणि दुसऱ्या हाताने पेरू खात चालायची. तिला सगळे बुलंदताई म्हणू लागले. भाषा तिला अर्धीच येत होती, पण ती नेमकी कामाची अर्धी होती.

“अहो,” बायको म्हणाली, “ही दोराच्या टोकाला उभी राहिली तर मागची गल्लीच काय, त्यांची घरंसुद्धा पुढे येतील.”

नियम म्हणजे नियम, असं म्हणून कप्तानाने मिशीवर हात फिरवला. वाफेने ती खाली आली होती.

सामन्याच्या दिवशी चौकात खडूची रेघ मारली, दोर अंथरला आणि पोस्टमनबाईंनी कागद उघडला. घराचा आकडा पुसट दिसला तरी पत्र परत नेणारी ही बाई. त्यांनी नियम मोठ्याने वाचला आणि एकेकाला आजोबांबद्दल विचारायला लागल्या. कुलूपवाल्याने छाती फुगवून सांगितलं, की आजोबा नदीपलीकडून आले, पिशवीत बारा किल्ल्या आणि कुलूप एकही नाही. बाद. डॉक्टरीणबाईंचे आजोबा इथल्या स्टेशनावर चहा प्यायला उतरले आणि गाडी निघून गेली. बाद. असं करत करत संघ संपत आला. अटीत बसले फक्त पेन्शनर आजोबा, वय ब्याऐंशी, आणि त्यांचं काम पाण्याचा जग सांभाळण्याचं होतं. त्यांनी जग खाली ठेवला आणि तळहातांवर थुंकून ते तयार झाले.

“आणि तुमचे आजोबा?”

कप्तान हसला. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याला आजोबांची इस्त्री आठवली.

त्याच्या दुकानात पैशाच्या गल्ल्याच्या वर, भिंतीला कोळशाची एक जुनी इस्त्री टांगलेली होती, झाकणावर परकी अक्षरं. आजोबा ती डोक्यावर घेऊन सीमा ओलांडून आले, पहाऱ्यावरच्या शिपायांना तो बॉम्ब वाटला, मग त्यांच्या विजारींना इस्त्री करून दाखवली तेव्हा कुठे सुटले, ही गोष्ट तो तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता. पोरांना ती पाठ होती. पण गोष्टीतला माणूस निर्वासित होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्याच्या तर नाहीच. आजोबा म्हणजे आजोबा, आणि निर्वासित म्हणजे ते शाळेतले. दोन वेगळे खण होते डोक्यात, आणि दोन्ही एकदम कधी उघडलेच नव्हते.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “इस्त्री खाली उतरवू का?”

पलीकडे बेकरीवाला वस्तऱ्याची धार नखावर तपासत होता.

नियम रद्द, कप्तान पुटपुटला. पोस्टमनबाई म्हणाल्या, रद्द करा, पण त्या जागी दुसरा नियम द्या. कप्तानाला घाम फुटला, आणि शेवटी लाँड्रीवाल्याला जे सुचायचं तेच सुचलं.

“काल ज्याची चादर या गल्लीत वाळत होती, तो या गल्लीचा.”

हात वर गेले. सगळ्यात शेवटी, फार नाराजीने, पेन्शनर आजोबांचा.

बुलंदताईने हातातला पेरू संपवला, दोर कमरेला गुंडाळला आणि शांतपणे विचारलं, “यांना कुठे न्यायचं?”

शिट्टी वाजल्यावर ती आधी नुसती खाली बसली. मागची गल्ली लाल झाली, जांभळी झाली, पण दोर तसूभर हलेना. मग ती उठली आणि घरी निघाल्यासारखी शाळेच्या दिशेने चालायला लागली. मागची गल्लीही निघाली, आठच्या आठ जण. रेघ कधीच मागे पडली होती, पण तिला थांब म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी बेकरीवाल्याचा एक बूट गेला.

ही बाहेरची आहे, तो ओरडला, हे चालणार नाही.

“बाहेरची?” कप्तान त्याच्या अंगावर धावून गेला. “माझ्या गल्लीच्या माणसाला बाहेरचं म्हणतोस?” आपण महिन्यापूर्वी काय बोललो होतो हे तो इतकं साफ विसरला होता, की बायकोच्या हातून पाण्याचा जग निसटता निसटता राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मिशीला ताजी खळ लावून कप्तान दुकान उघडत होता, तर शाळेच्या फाटकाशी बेकरीवाला दिसला. हातात गरम पावांची टोपली. मागच्या गल्लीतल्या खोल्या किती उजेडाच्या आहेत हे तो सगळ्यांना सांगत होता, आणि बोलता बोलता घरातल्या काका-मामांची वजनंही विचारत होता. कप्तान हातातल्या हँगरसकट धावला. आमची माणसं पळवतोस, तो ओरडला. त्यावर बेकरीवाला म्हणाला, तुमची कधीपासून, पाहुणे आहेत, वाटेल तिथे राहतील. भांडण असं रंगलं की शाळेच्या खिडक्या माणसांनी भरून गेल्या.

बुलंदताई पाव खात खात बाहेर आली. दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पायरीवर बसून म्हणाली, “दोघांनी अर्ज करा. विचार करते. आजोबांच्या जन्मगावाचा पत्ता लिहा.”

कप्तान निमूटपणे पेन शोधायला लागला. बेकरीवाला जरा घुटमळला, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं, “जहाजाचा पत्ता चालेल का?”