ताईची जागा

मावशी लग्नाचे फोटो काढते आणि मी माणसं ढकलते. म्हणजे हाताने नाही, आवाजाने. "काका, आत या. आजोबा, हनुवटी वर. मागचे उंच दादा, डोकं घरी ठेवून आलात का, दिसत नाहीये." गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरीला माझ्या तोंडून 'उपस्थित'सुद्धा धड फुटत नव्हतं. आता मावशी मला भोंगा म्हणते आणि शाळेला सुट्टी असली की सोबत नेते. तिचा एकच नियम आहे. दोन माणसांत फट राहिली की फोटोत भांडण दिसतं. म्हणून दिवसभर माझा जप चालू असतो, सरका, सरका, सरका.

त्या लग्नात नवरीने आम्हाला तयारीच्या खोलीत बोलावलं आणि केस करणारीला बाहेर पाठवलं.

"घरच्यांच्या फोटोत माझ्या शेजारी ताईची जागा धरायची," ती म्हणाली.

"ताई कधी पोचतायत?" मी विचारलं. आवाज फुटला की अक्कल जरा मागे राहते.

मावशीने माझ्या दंडाला चिमटा काढला, पण नवरी चिडली नाही. "ती नाही येणार गं. मी लहान असतानाच गेली. चौदाची होती. तुझ्याएवढी."

तिने फोनवर एक जुना फोटो दाखवला. दाराच्या मुठीला धरून उभी असलेली, उन्हाने डोळे बारीक केलेली मुलगी. सगळ्यांत शेवटचा फोटो. "बाबांना ती माझ्या शेजारी बसवून हवी आहे. एवढ्या मोठ्या लग्नात त्यांनी स्वतःसाठी तेवढंच मागितलंय. शाळेच्या बसमध्ये ती माझी जागा धरायची. आज मी तिची धरते."

"धरू," मावशी म्हणाली. असे फोटो तिने आधीही केलेत. जागा मोकळी सोडायची आणि मागाहून कॉम्प्युटरवर माणूस आणून उभा करायचा.

दुपारी हॉलमध्ये सगळे उभे राहिले. नवरीचे वडील पुढे खुर्चीत, मागे नवरा, नवरी, मग मोकळी जागा, मग नवऱ्याची आत्या. ही आत्या सकाळपासून प्रत्येक फोटोत होती, अगदी नवरीच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या फोटोतही. मावशीने दिव्याचा स्टँड आत्याच्या बाजूला लावला. मला फट दिसली आणि सवयीने जीभ सुटली. "आत्या, आत सरका."

आत्या तत्परतेने सरकली. मावशीने एक फोटो काढला. मग आत्या एकदम दचकून मागे झाली आणि शेजारी बघून म्हणाली, "सॉरी हं, पाय पडला वाटतं तुझ्यावर."

शेजारी कोणीच नव्हतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, नवरीकडे पाहिलं, पदर नीट केला आणि पहिल्या जागी जाऊन उभी राहिली. त्यानंतर तिने एकाही फोटोसाठी धाव घेतली नाही. मावशी मात्र फोटो काढत राहिली.

रविवारी मावशीच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरला बसले. हे काम मला तिच्यापेक्षा बरं येतं, आणि ते तीही मान्य करते, फक्त पाहुण्यांसमोर नाही. जुन्या फोटोतून ताईला कापून घेतलं. कापणं सोपं असतं. अवघड असते सावली. आयता आणलेला माणूस कागदी बाहुलीसारखा दिसतो, कारण शेजारच्यावर त्याची सावली पडत नाही. ती आपल्याला रंगवावी लागते. म्हणून मी नवरीची बाही मोठी करून पाहिली.

सावली आधीच होती.

बाहीवर, खांद्यावर, मानेवर, आणि वर कानाच्याही पुढे गेलेली. गालावर तर सुट्या केसांच्या बटासुद्धा वेगवेगळ्या पडल्या होत्या. फोटोत तिच्या शेजारी नुसती भिंत.

"मावशी, जरा ये."

ती ओले हात पुसत आली. मग तिनेच एकेक फोटो उघडला. आत्या आत सरकली होती त्या फोटोत फक्त आत्याची सावली होती, बुटकी आणि गोल. त्याच्या पुढच्या फोटोत आत्या बाजूला, आणि ही उंच सावली पुन्हा जागेवर.

"दिव्याचं काहीतरी असेल," मावशी म्हणाली. दिव्याबद्दल 'काहीतरी' असं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

मी ताईला जागेवर ठेवून पाहिलं. बसेना. तिचं डोकं नवरीच्या खांद्याशीच संपत होतं आणि सावली तर नवरीपेक्षाही उंच बाईची होती. दोन्ही एका फोटोत राहू शकत नव्हत्या. ताई ठेवायची तर सावली घालवायला हवी होती.

"पुसू?" मी विचारलं.

"त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस," मावशी म्हणाली आणि कारण नसताना खिडकी उघडून आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पोचले तेव्हा नवरी आणि तिचे वडील येऊन बसले होते. मी ताई ठेवलेला फोटो लावला. वडिलांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "आली," ते म्हणाले. "अगदी तशीच आली."

मग त्यांनी बोट पुढे केलं. "हे काळं काय पडलंय?"

मी मावशीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मी ताईला क्षणभर लपवलं आणि जसा काढला तसा फोटो दाखवला. फट, भिंत आणि नवरीच्या अंगावरची सावली.

"आम्ही काहीही केलेलं नाही," मी म्हणाले. माझा भोंगा कुठे गेला होता कोण जाणे. "सांगाल तर पुसते. पण ती राहिली तर ताई बसत नाही. लहान पडते."

नवरी पडद्याजवळ सरकली. फोटोत तिची मान किंचित वर वळलेली होती, आपल्यापेक्षा उंच माणसाचं ऐकताना वळते तशी.

"बाबा, तुमचा फोटो आहे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं."

"पुन्हा दाखव तिला," वडील मला म्हणाले. मी ताईला परत आणलं. डोळे बारीक केलेली, माझ्याच वयाची. त्यांनी तिच्याकडे इतकं पाहिलं की मला नजर वळवावी लागली.

"हिला काढ बेटा," ते शेवटी म्हणाले. "किती वर्षं चौदाचीच ठेवायची पोरीला."

मी बटण दाबलं. ती गेली. सावली राहिली.

वडील उठून पडद्याशी आले आणि मावशीला विचारलं, "माझ्याहून उंच आहे का हो?"

"तुम्ही खुर्चीत बसला होतात. नीट कळणार नाही."

"असेल," ते म्हणाले. "माझ्या आईवर गेलीय. ती दारातून वाकूनच आत यायची."