खिळ्यावरचं गॅस्केट

शिवदासच्या डोक्यात तिडीक गेली ती टॅक्सी परत आली म्हणून नव्हे. गॅरेज म्हटलं की गाड्या परत येतातच. त्याला संताप आला तो गॅरेजमालक धोंडूशेठच्या आवाजाचा. घाटकोपरला आग्रा रोडच्या त्या गल्लीत पाच गॅरेजं होती, टायरवाला होता, रंगारी होता, समोर चहाची टपरी होती, आणि या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज शेठनं मुद्दाम काढला होता.

टॅक्सीवाल्या जयवंतची फियाट दसऱ्याच्या संध्याकाळी झेंडूचा हार घालून इथून निघाली होती. तिसऱ्या दिवशी ती मुलुंडजवळ भर रस्त्यात उकळली. मागून पांढरा धूर, आणि तेलाचा रंग दुधाळ चहासारखा. म्हणजे पाणी तेलात शिरलं होतं. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये तांब्याचं पातळ गॅस्केट असतं, ते गेलं होतं. तीनच दिवसांपूर्वी नवंकोरं घातलेलं.

"मला काय विचारतोस?" शेठ जयवंतला सांगत होता. "काम शिवदासचं आहे. अठरा वर्षं यंत्रांवर पोट भरतो, पण पूजेला एकदा हात जोडून उभा राहत नाही. यंत्र पण शेवटी माणूस ओळखतं रे."

रंगारी हसला. टायरवाल्यानं मान खाली घातली, पण तोही ऐकत होता. शिवदासच्या कानशिलांत रक्त चढलं. पूजेवरून टोमणे त्याला नवे नव्हते, दर वर्षी एखादा असायचाच, आणि तो गिळून कामाला लागायचा. पण आज शेठनं त्याच्या कामावर बोट ठेवलं होतं. शिवदासनं बसवलेलं हेड पुन्हा उघडावं लागत नाही, हे विक्रोळीपासून मुलुंडपर्यंतचे टॅक्सीवाले सांगायचे. तेवढं एक नाव त्यानं या हातांनी कमावलं होतं, आणि ते चार लोकांत मातीत घालायला शेठला अर्धं मिनिट पुरलं.

खरं काय झालं होतं ते शेठला चांगलं ठाऊक होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिवदासनं जुनं गॅस्केट खरवडून काढलं होतं. ब्लॉक रॉकेलनं धुतला, पुसला, मग डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं. ही त्याची सवय होती. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं, आणि वाळूचा एक कण जरी मध्ये राहिला तरी त्या जागी गॅस्केट घट्ट बसत नाही. मग नवं गॅस्केट ठेवून त्यानं वर धुतलेलं फडकं टाकलं आणि शेठला बजावलं की हेड ठेवू नका, परवा मी येऊन ठेवतो.

दसऱ्याच्या दिवशी तो वस्तीतल्या विहारात होता. त्याच्या घरात तो दिवस दसऱ्याचा नव्हताच. त्याच्या बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तो दिवस होता. इकडे जयवंतला टॅक्सी दसऱ्यालाच रस्त्यावर काढायची होती, म्हणून शेठनं स्वतः हेड चढवलं आणि लांब पान्यानं अंदाजानं आवळलं. संध्याकाळी जयवंत आला तेव्हा काम उरकलेलं होतं. हात कोणाचा हे त्यानं विचारलं नाही, शेठनं सांगितलं नाही.

शिवदास गॅरेजच्या दाराशी आला. त्याचा आवाज चढला नाही.

"उघडा हेड. आत्ता, सगळ्यांसमोर."

शेठ म्हणाला, मग उघड की, तुला कोणी धरलंय. शिवदास जागचा हलला नाही.

"मी हात लावणार नाही. लावला तर उद्या म्हणाल, मीच काहीतरी काढलं, घातलं. तुमच्या हातानं उघडा."

आता माघार घेणं शेठला अवघड होतं. जयवंत कमरेवर हात ठेवून उभा होता. चहावाला स्टोव्ह बारीक करून आला. शेठनं इंजिनातलं पाणी काढून टाकलं, एकेक नट सैल केला, आणि अर्ध्यापाऊण तासात हेड उचलून बाकड्यावर ठेवलं. शिवदास जुन्या टायरवर बसून नुसता बघत होता, आणि त्या वेळात त्याला अठरा वर्षांतले सगळे टोमणे आठवले. आपण ते का गिळले याचाच त्याला जास्त राग येत होता.

शेठनं गॅस्केट उजेडात धरलं. दुसऱ्या सिलिंडरजवळ, पाण्याच्या भोकाला लागून दोन लांबट खड्डे पडले होते. तिथून जळाल्याची काळी रेघ सरळ सिलिंडरपर्यंत गेली होती. खड्ड्यांच्या कडेला लालसर काहीतरी चिकटलेलं होतं. शेठनं पटकन अंगठ्यानं ते पुसायला घेतलं.

"पुसू नका," शिवदास म्हणाला.

शेठची बायको सुलक्षणावहिनी डबा घेऊन आली होती आणि गर्दी बघून मागेच थांबली होती. ती पुढे झाली, वाकून पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"अक्षता आहेत या. मीच वाहिल्या. तुम्ही म्हणालात ना, इंजिन उघडं आहे तर त्याची पण पूजा कर. मी फडकं बाजूला करून कुंकू आणि अक्षता वाहिल्या. म्हटलं तुम्ही पुसून घ्याल."

"देवाच्या अक्षता पुसायच्या कशा?" शेठ पुटपुटला. "दसऱ्याचा दिवस. राहू दिल्या."

म्हणजे त्याला दिसल्या होत्या. पंचवीस वर्षं पाना हातात धरलेल्या माणसानं गॅस्केटवर तांदूळ बघितले, वर हेड ठेवलं, आणि गाडी उकळल्यावर खापर फोडायला त्याला शिवदास आठवला. शिवदासला वाटलं, ते हेड उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावं.

शेठ जवळ आला आणि खालच्या आवाजात बोलू लागला. होतं कधीतरी. किती ताणायचं. अजून दोन इंजिनं खोलून पडलीत, ती तूच करणार आहेस. चल, नवीन गॅस्केट काढ.

शिवदास म्हणाला, "शिव्या गल्लीला ऐकवल्यात, आणि हे माझ्या कानात सांगता?"

सुलक्षणावहिनी नवऱ्याकडे बघत राहिली, पण तो तिच्याकडे बघेना.

मग शिवदासनं शेठच्या हातातून ते गॅस्केट घेतलं. गॅरेजच्या दारावर दसऱ्याचं तोरण अजून सुकत लटकत होतं. त्याचा एक खिळा मोकळा करून त्यानं गॅस्केट तिथं अडकवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला समोर दिसेल असं.

"हे इथंच राहील. ज्या दिवशी उतरेल त्या दिवशी मी समोरच्या गॅरेजात कामाला. कोणी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं, शेठ. मी नाही."

एवढं बोलून तो जयवंतच्या इंजिनाकडे वळला. इंजिनानं त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. त्यानं ब्लॉक रॉकेलनं धुतला, पुसला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. राग अजून उतरला नव्हता, म्हणून त्यानं ते दुसऱ्यांदा फिरवलं.

जयवंतनं सगळं पाहिलं होतं, तरी शेठच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याला राहवेना. तो दाराशी गेला, मान वर केली आणि विचारलं, "शेठ, मग हे गेलं कशानं?"

धोंडूशेठनं घसा खाकरला. गॅस्केटवर तांदूळ राहिले होते, माझ्याकडून, असं काहीतरी तो तोंडातल्या तोंडात म्हणाला.

शिवदासनं मान वळवली नाही. नवं गॅस्केट हलक्या हातानं ब्लॉकवर ठेवत तो म्हणाला,

"जरा मोठ्यानं, शेठ. मघाशी बोलला होतात तेवढ्याच आवाजात."