शिवू नको

डोकं आमचं मुळातच तापट. त्यात देवीचं व्रत, दिवसातून एकदा स्वतः रांधलेलं जेवण आणि वैशाखातलं ऊन. अंगाची नुसती लाही होत होती. मुळगावाबाहेर झावळ्यांच्या खोपीत मी आणि बाबा राहत होतो. बाबा जुने धोंड, म्हणजे जत्रेसाठी व्रत धरणारे देवीचे भक्त; मी त्या वर्षी पहिल्यांदाच धोंड झालो होतो. लहानपणी तापात मी हातचा जाणार होतो, तेव्हा आई नवस बोलली होती, तो फेडायचा होता. आमच्या घरात व्रत फार कडक. जत्रा होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही, शिवलं तर डोक्यावरून आंघोळ.

आणि नेमका त्याच दिवसांत वाळपईचा सामना. गोवा राज्य झालं होतं. आता टीमच्या जर्सीवर दमण-दीव नाही, नुसतं 'गोवा' येणार होतं, आणि ती जर्सी मला हवी होती. जेवताना, झोपताना, देवीपुढे हात जोडतानासुद्धा तीच दिसायची. निवड करणारे साहेब वास्कोहून येणार होते. बाबांना विचारलं तर म्हणाले, खेळ, पण कोणाला शिवू नको.

बास्केटबॉल खेळ आणि शिवू नको! त्यात माझं काम स्क्रीन लावायचं. म्हणजे आमचा देवेश बॉल टाकायला मोकळा व्हावा म्हणून, त्याच्या मागे लागलेल्या गड्याच्या वाटेत मी खांबासारखं उभं राहायचं. तो गडी माझ्यावर आपटतो, अडतो, तेवढ्यात देवेश बॉल टाकतो. मी हललो तर फाऊल. धक्के खाण्याचंच हे काम, नाव होतं देवेशचं.

वाळपईला मैदानात उतरताना देवेशने सरळ मनाने त्यांच्या पोरांना सांगितलं, हा व्रतात आहे, याला शिवू नका. ती पोरं आमच्यासारखीच. वाटेत धोंड दिसला की बाजूला सरायचं, हे दुधाबरोबर प्यालेलं. त्यांनी माना डोलावल्या आणि खेळ सुरू झाला.

मग काय, मजाच! देवेशच्या मागे त्यांचा जयराम होता, सत्तरी तालुक्यातला सगळ्यात चपळ गडी. मी उभा राहिलो की तो हातभर लांबून वळसा घालायचा, आणि तो पोचेपर्यंत देवेशचा बॉल बास्केटात. आमच्या बाबुराव सरांना हे उमगलं तसे ते बाहेरून एकच खेळी ओरडायला लागले. वास्कोचे साहेब मान पुढे काढून मला बघत होते. त्यांना काय ठाऊक व्रत नि काय! त्यांना वाटलं, या पोराला कोणी पारच करू शकत नाही.

सुरुवातीला मी हुरळलो, खोटं कशाला बोलू? पण मग आतून कुरतडायला लागलं. कोणी अंगावर येतच नाही, मग मी अडवतोय कोणाला? पाय जागेवर आणि जीव मात्र तव्यावर. जयरामला त्यांचे सर आईबहिणीवरून शिव्या घालत होते, आणि तो मान खाली घालून पुन्हा वळसाच घेत होता.

मध्यंतरात तो माझ्याजवळ आला. जवळ म्हणजे तरीही चार हात लांब.

"माझी आवय धोंड आसा," तो म्हणाला. "हांव तुका शिवूंचो ना. पूण आज हांवें कितें करचें, तें तरी सांग."

मला त्याचा असा राग आला! आई धोंड म्हणून शिवणार नाही, आणि काय करायचं ते मी सांग म्हणे. मी काय सांगणार? त्यालाही तीच जर्सी हवी होती, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. भांडला असता, शिवी दिली असती, तर मी सुखाने खेळलो असतो.

खेळ परत सुरू झाला. देवेश धावला, मी स्क्रीनला गेलो, आणि जयराम वळसा घ्यायला लागला तसं मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"शिवलो," मी म्हटलं. "आता आपट."

पंचाने शिट्टी फुंकून मला फाऊल दिला. आणि पुढच्या खेळीला जयराम आला तो बैलासारखा, खांदा थेट छातीत. त्यानंतर कधी तो अडला, कधी मला घासून पार झाला आणि देवेशच्या हातातला बॉल त्याने उडवला. आम्ही हरलो. बाबुराव सर म्हणाले, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस. साहेबांनी देवेशला घेतलं आणि जयरामला घेतलं. मला म्हणाले, पहिल्या अर्ध्यात तू भिंत होतास रे, नंतर काय झालं? सांगून त्यांना कळणार होतं थोडंच! तेलही गेलं, तूपही गेलं. बसमध्ये जयरामचा हेवा वाटत होता, आणि खूप रडू येत होतं.

खोपीत बाबा चुलीवर पेज ढवळत होते. मी दारातच उभा राहिलो, आत कसा जाणार? जयरामला मुद्दाम शिवलो ते सांगून टाकलं.

"टीमींत घेतलो तुका?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"तो जोरान आपटलो?"

मी शर्ट वर केला. छातीवर काळानिळा डाग उठला होता. बाबा उठले, बाटलीतलं खोबरेल तळहातावर घेतलं आणि दारात येऊन माझ्या छातीला चोळायला लागले. मी मागे सरलो, म्हटलं, बाबा, माझी आंघोळ व्हायची आहे अजून.

"ठावक आसा," ते म्हणाले, आणि चोळत राहिले.

तेल जिरल्यावर त्यांनी पेज चुलीवरून खाली उतरवली, आणि आम्ही दोघेही तळ्यावर आंघोळीला गेलो.