बिनखुणेची दुपटी

ऐतप्पा परटानं उडुपीजवळच्या त्या गावात चाळीस वर्षं साठ घरांची धुणी धुतली, पण एका घरचा पंचा कधी दुसऱ्या घरी गेला नाही. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याची खूण असायची. भटांचे दोन ठिपके, शेट्टींची आडवी रेघ. खूण चुकली की परटाचं नाक कापलं गेलं, असं तो म्हणायचा.

आता त्याचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. सगळं अंथरुणातच. मुलगी वारिजा त्याला दुकानातले डायपर घालायची. "कमरेची पट्टी आहे अप्पा," असं तिनं सांगून ठेवलं होतं, आणि वापरलेले ती गुपचूप फेकून द्यायची. म्हातारा विसराळू झाला होता, पण जन्माचा मानी. खरं कळलं तर तो हाय खाईल, हीच तिला धास्ती.

उन्हाळ्यात त्याच्या कमरेखाली जखमा झाल्या. नर्सबाई म्हणाल्या, "हे प्लास्टिक बंद कर बाई. सुती घाल, धू, परत घाल." वारिजानं त्याचीच जुनी धोतरं फाडून बारा जाड दुपटी शिवली आणि तीही 'पट्टी' म्हणूनच त्याच्या कमरेला गुंडाळू लागली. जखमा भरून येऊ लागल्या. पण फेकलेलं दिसत नाही, धुतलेलं वाळत घालावं लागतं, आणि अंगणात ऊन यायचं ते नेमकं त्याच्या खिडकीसमोर.

"कुणाची गं दुपटी?"

"भटांच्या नातीची," वारिजा बोलून गेली.

"केवढाली ही! पोर आहे की रेडकू?" म्हातारा हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा हसला. घरात परत धुणं आलं म्हणून त्या दिवशी तो वाटीभर पेज जास्त जेवला. मग रोज हुकूम सुटू लागले. घट्ट पिळू नकोस, पोराच्या अंगाला टोचतं. दोन्ही बाजूंनी ऊन दे. चालत्या हातानं तो घड्याही घालू लागला.

एकदा घडी घालता घालता तो थांबला.

"खूण कुठाय? बिब्बा आण."

बिब्बा आणणार कसा? त्याचा चीक त्या ओल्या जखमांना लागला असता तर कातडं सोलून निघालं असतं. "उद्या करते," वारिजा म्हणाली. असे चार उद्या गेले. पाचव्या दिवशी त्यानं बाराही दुपट्यांचे सगळे कोपरे चाचपून पाहिले.

"वारिजा, बिनखुणेचं धुणं एकाच घरचं असतं गं."

परटाच्या स्वतःच्या कपड्यांना कोण खूण करतं?

"लोकांची धुतली मी," तो म्हणाला. "माझी तुला धुवायला लागतील असं वाटलं नव्हतं." मग त्यानं उरलेल्या घड्या घातल्या, एकसारख्या, कोपऱ्याला कोपरा लावून.

त्या दिवसापासून पाण्याचं भांडं पुढे केलं की तो तोंड फिरवायचा. "तहान नाही गं." नर्सबाई रागावल्या, वारिजा पाया पडली, रडली. दोरीवर बाराची सात झाली, साताची तीन. आठव्या दिवशी सकाळी ती दुपटं बदलायला गेली तर ते कोरडं होतं.

हातातलं धुतलेलं दुपटं तसंच त्याच्या उशाशी ठेवून ती धुण्याच्या दगडावर जाऊन बसली. हात कोरडेच होते. धुवायला काही नव्हतं. आत अप्पाचा श्वास अजून चालू होता, पण दुपारपर्यंत तोही थांबला.