हात घरी ठेवता येत नाही

मिनलच्या हातात चिप बसवली त्या दिवशी कंपनीने तिला पुष्पगुच्छ दिला होता. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. आता किल्ली नको, कार्ड नको, नुसता हात दाखवला की औषधांच्या शीतगृहाचं दार उघडणार. मॅनेजर पुष्कर साहेबांनीही कौतुकाने स्वतःच्या हातात बसवून घेतली. घरी फोटो पाहून सासूबाई, गोपिकाबाई, म्हणाल्या, "ढोराच्या कानाले बिल्ला मारतेत, तसा तुह्या हाताले मारला काय वं?" सगळे हसले. म्हातारीचं ऐकतं कोण?

संक्रांत झाली आणि एका रविवारी शीतगृहातून कॅन्सरच्या इंजेक्शनांची खोकी गेली. कुलूप शाबूत, दार शाबूत. कॅमेरा बंद पडलेला, आणि तो का बंद होता हे विचारायची कोणाची टाप नाही. कॉम्प्युटर एकच सांगत होता, दार मिनलच्या हाताने उघडलं.

मिनल तर त्या दिवशी सावनेरला माहेरी होती. नवऱ्याने, अमोलने, सकाळी गाडीवर सोडलं आणि संध्याकाळी परत आणलं. दुपारभर ती आईसोबत शेतात हरभऱ्याची भाजी खुडत होती. तिने साहेबांना मोबाईलमधलं लोकेशन दाखवलं. बघा, मोबाईल दिवसभर सावनेरलाच होता.

"मोबाईल माहेरी ठेवून येता येतो, मिनलताई," साहेब शांतपणे म्हणाले. "हात ठेवून येता येत नाही."

"आईले विचारा न सर."

"आई लेकीविरुद्ध बोलेल का?"

झालं! इतक्या वर्षांची नोकरी आणि इमानदारी तांदळाच्या दाण्यापुढे हलकी पडली. तिला घरी बसवलं, आणि आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर पोलीस, असं बजावलं. कंपनीत कुजबूज, गल्लीत कुजबूज. चोर म्हणून नाव एकदा लागलं की ते पुसायला जन्म पुरत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

पण मिनल रडत बसणाऱ्यातली नव्हती. सीताबर्डीतल्या एका मोबाईलवाल्याने तिला हसत हसत दाखवलं. बोटभर यंत्र हाताला टेकवायचं, चिपमधला नंबर कोऱ्या कार्डावर उतरवायचा, की त्या कार्डाने तिचं दार उघडतं. हात चोरायची गरजच नाही, हाताची नक्कल पुरते.

मग ही नक्कल नेली कोणी? आणि इथेच बाई हादरली. संक्रांतीपासून हळदीकुंकवाला ती किती घरी गेली होती! हळद, कुंकू, वाण, आणि हातावर अत्तर. अत्तर लावताना खालून हात धरतातच. कंपनीतल्या हर्षाने धरला होता आणि म्हणाली होती, "किती थंड हात वं तुहा!" शेजारच्या शोभाताईंनी धरला होता. नाव तरी कोणाचं घ्यायचं? ज्यांनी ज्यांनी मायेने हात धरला, त्या सगळ्या तिला चोर वाटायला लागल्या. हे नुकसान कोणत्या पोलीस चौकीत लिहून घेतात, सांगा.

खुलाशाच्या दिवशी ती तिळगूळ घेऊनच साहेबांच्या केबिनमध्ये गेली. रथसप्तमी अजून व्हायची होती. साहेबांनी हात पुढे केला. तिने रुमालासकट डावा हात त्यांच्या हाताखाली धरला आणि लाडू ठेवला. रुमालात मोबाईलवाल्याकडून आणलेलं यंत्र होतं. मग तिने पर्समधलं कोरं कार्ड यंत्राला लावलं, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि कार्ड कुलपाला दाखवलं. साहेबांच्या हाताशिवाय न उघडणारं केबिनचं दार उघडलं.

"पाहा सर," ती म्हणाली. तिचा आवाज आनंदाने कापत होता. "तुमचा हात तर तिथंच हाय."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. लाडू तसाच हातात.  मिनलला वाटलं, सुटली बापा.

"म्हणजे ही विद्या तुम्हाला येते," साहेब म्हणाले.

"सर?"

"आतापर्यंत नुसता संशय होता. आज तुम्ही करूनच दाखवलंत." त्यांनी वॉचमनला बोलावलं. यंत्र, कार्ड, रुमाल, सगळं टेबलावर ठेवायला लावलं. तिने पुष्कळ सांगून पाहिलं. आंधळ्यापुढे दिवा लावून काय उपयोग? दारातून बाहेर पडताना तिच्या कानावर आलं, साहेब फोनवर कोणाला तरी म्हणत होते, "डॉक्टरांना विचार, माझी चिप आजच्या आज काढता येईल का."

फाटकाबाहेर अमोल गाडी घेऊन उभा होता. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, साहेबाला दोन शिव्या हासडल्या. मग किक मारायच्या आधी तो थांबला.

"मिनल, राग नको मानू. मी तुले सकाळी सोडलं, संध्याकाळी आणलं. मधात..."

"मधात काय?"

"काही नाही वं. मले मालूम हाय, तू तशी नाही." तो आरशात पाहत होता, तिच्याकडे नाही. "पण हात तर तुहाच होता न?"

मिनल गाडीवर मागे बसली. रोज त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायची. त्या दिवशी तिने मागची दांडी धरली, आणि घरापर्यंत सोडली नाही.